हिंग, थिनर आणि अप्पांचं नाक

आमच्या घरात सगळ्यात मोठा मान होता तो अप्पांच्या नाकाला. खुद्द अप्पांनासुद्धा एवढा नव्हता. अप्पा काय म्हणतात ते आई एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देई, पण त्यांचं नाक काय म्हणतं यावर घरातल्या पुष्कळ गोष्टी ठरत. दूध नासायला लागलंय की नाही, तूप उतरवायचं की अजून ठेवायचं, पाहुण्यांनी आणलेली मिठाई आजची की परवाची, सगळं त्या नाकापुढं जाई आणि निकाल लागे. माझ्या एका मावशीला पाहायला आलेल्या मुलाबद्दलही "तपकीर ओढतो, पण चोरून," असा निकाल अप्पांनी पाच मिनिटांत दिला होता. तो खरा निघाला. मावशीनं तरीही त्याच्याशीच लग्न केलं आणि पुढं जन्मभर तपकिरीचे रुमाल धुतले.

हुबळीला दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या एका बोळात आमचं फर्निचरचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं कारखाना आणि वर आम्ही तिघं. कारखाना हा शब्द अप्पांचा. प्रत्यक्षात मागच्या बाजूला पत्र्याखाली सुतारांची दोन बाकं होती, भिंतीला लाकडं टेकवून ठेवलेली असत, आणि कोपऱ्यात भिंत घालून पॉलिशसाठी एक खोली केलेली होती. दांडेलीकडून लाकूड आलं की अप्पा रंध्यानं एक पातळ साल काढत, नाकाशी धरून डोळे मिटत आणि म्हणत, "सागवानच आहे, पण भिजलेलं आहे." लाकूडवाला शपथा घेई. अप्पा ती साल त्याच्याच नाकाशी धरत. बिचाऱ्याला काहीच कळत नसे, पण एवढ्या आत्मविश्वासापुढं तो गप्प बसे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक घरून चहा पिऊन आलंय की नाही, हेसुद्धा अप्पा ओळखत आणि त्यावर चहा मागवायचा की नाही ते ठरवत. याला आई चिक्कूपणा म्हणे आणि अप्पा व्यवहार म्हणत.

पण नाकाचा खरा दरबार भरे तो अकरा वाजता. त्या वेळी अप्पा मागचं काम टाकून पुढं दुकानात येऊन बसत. वर जाणारा जिना तिथूनच निघत होता, आणि आईच्या आमटीची फोडणी त्या जिन्यानं खाली उतरे. मग अप्पा मान वर करून हाक देत, "सुमे, आईला सांग, आज हिंग निम्मा पडलाय!" किंवा "मोहरी तडतडायच्या आधी जिरं टाकलं काय?" मी घरी असले तर निरोप पोचवी. आई कालथा तसाच हातात धरून जिन्याच्या तोंडाशी येई आणि म्हणे, "त्यांना म्हणावं, नाक तेवढं वर पाठवा, बाकीचं अंग खालीच राहू दे." आजूबाजूच्या दुकानदारांना हा रोजचा कार्यक्रम पाठ झाला होता. शेजारचा भांडीवाला तर एखाद्या दिवशी अप्पा गावाला गेले असतील तर अकरा वाजता स्वतःच ओरडे, "वयनी, इवत्त हिंग बरोबर अदरी!" वहिनी, आज हिंग बरोबर आहे.

आता पॉलिशच्या खोलीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. आमच्या बरोबर समोर मिरचीचं कांडप होतं. ब्याडगी मिरचीची पोती उतरत, दिवसभर यंत्र चाले आणि सगळ्या बोळावर लाल धूळ उडे. आम्ही बोळातली माणसं शिंकतच मोठी झालो. एकदा अप्पांनी एका लग्नाच्या मुलीसाठी कपाट केलं होतं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्यानं आठ-आठ हात मारलेलं. शेवटचा हात ओला असताना कुणीतरी खिडकी उघडी ठेवली आणि मिरचीची धूळ त्यावर बसली. मुलीचे वडील आले, कपाटाभोवती फिरले आणि म्हणाले, "अहो, कपाटाला गोवर आलाय काय?" हे वाक्य पुढं महिनाभर बाजारात फिरत होतं. अप्पांना ते इतकं लागलं की त्यांनी त्या खोलीची खिडकी खिळे मारून बंद केली, फटींवर खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली, दाराला ओलं गोणपाट टांगलं. पंखा नाही, कारण पंख्यानं धूळ उडते. तेव्हापासून पॉलिशचं काम चालू असताना कुणी दार किलकिलं केलं तरी आतून आवाज येई, "बागला हाक!" दार लाव.

परवा धारवाडला, मळमड्डीतल्या माझ्या घरी दारांना पॉलिश करायला एक माणूस आला होता. डबे मांडले आणि पहिलं काम काय केलं तर खोलीच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. तोंडाला मास्क होता, पण हनुवटीखाली. मी उठून खिडक्या उघडल्या. "अक्का, धूळ बसतंय की," तो म्हणाला. मी म्हटलं, बसू दे. तो माझ्याकडं बघून मनात काय म्हणाला असेल ते मला ठाऊक आहे, पण माझं वय आता लोकांनी मनात काय म्हणायचं ते म्हणू देण्याचं आहे.

तर चपडा आणि स्पिरिटचं राज्य होतं तोवर सगळं निभावत होतं. स्पिरिटचा वास आमच्या घरालाच नव्हे तर माझ्या वह्यांनाही येई. वर्गातल्या मुली माझी वही हुंगून खोकल्याचं नाटक करत. मग नव्या वस्तीतले एक इंजिनिअर आले आणि त्यांना जेवणाचं टेबल काचेसारखं चकचकीत हवं होतं. कुठंतरी मोठ्या शहरात त्यांनी तसं पाहिलं होतं. अप्पांना कुणी "तुमच्यानं होणार नाही" असं नुसतं सुचवलं तरी पुरे होई. त्यांनी लॅकरचे डबे आणले, थिनरचे कॅन आणले, फवारा मारायची गन आणली, आणि महिन्याभरात ते काम शिकले. मल्लप्पालाही शिकवलं.

मल्लप्पा म्हणजे आमचा पॉलिशचा मिस्त्री. तिशीच्या आतलाच असेल. बोलायला कमी, हाताला हलका, अप्पांना अण्णा म्हणे आणि आईला अक्का. त्याचं दुपारचं जेवण आमच्याकडून खाली जाई, अशी पहिल्यापासूनची पद्धत होती. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि तिच्याबद्दल विचारलं की तेवढ्यापुरता तो बोलका होई.

थिनरचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी शाळेतून येऊन आईला विचारलं होतं, केळी कुठं ठेवलीस? अगदी पिकल्या केळ्यासारखा गोड वास होता तो. मला फार आवडे. मुद्दाम गोणपाटापाशी उभी राहून मी तो छातीभर घेई, हे आज सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो. अप्पा आणि मल्लप्पा आत दोन-दोन तास असत. बाहेर येत तेव्हा डोळे लाल, पावलं जराशी इकडची तिकडं, आणि उगाचच हसू. सुतार म्हणत, "अण्णांना चढली!" मग दोघं थिनरनंच हात धूत, कारण लॅकर दुसऱ्या कशानं निघत नसे. मल्लप्पाच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि कातडी पांढरी पडून सुटत होती. आई त्याला खोबरेल तेल देई. तो ते लावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थिनरमध्ये हात बुडवी.

या सगळ्यावर अप्पांचा एक रामबाण उपाय होता, तो म्हणजे गूळ. चार वाजता प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा पडे. भुशात काम करणारे लोक गूळ खातात, त्यानं घशातली धूळ खाली उतरते, असं त्यांच्या गुरूनं त्यांना सांगितलं होतं. भुशाला चालतं ते थिनरलाही चालणारच, असा अप्पांचा हिशेब. आई म्हणे, "भुसा उतरत असेल बाई, पण तो वास काय गुळाचं बोट धरून खाली जाणार आहे?" त्यावर अप्पांनी गुळाचा खडा मोठा केला.

पुढं पुढं रोज संध्याकाळी अप्पांचं डोकं दुखू लागलं, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. अप्पांच्या मते ते पित्त होतं. पित्त झालं ते आईनं भाकरीबरोबर दिलेल्या शेंगाचटणीनं. आईनं चटणी बंद केली, पित्त राहिलं. मग ते वांग्यावर गेलं, वांग्यावरून चहावर. एकदा मी म्हटलं, "अप्पा, तुमचं पित्त रविवारी का नसतं?" रविवारी कारखाना बंद असे. अप्पा म्हणाले, "त्यालाही सुट्टी लागते की नाही!" आम्ही तिघंही हसलो. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि फार हुशार समजली जात होते. स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेला प्रश्न मात्र मला कळला नव्हता.

त्याच सुमाराला एक चमत्कार झाला. अप्पांनी आईच्या फोडणीला नावं ठेवायचं बंद केलं. रोज अकरा वाजता खालून हाक येई, "वा! आज बरोबर जमलीय!" पहिल्या दिवशी आईचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ती लाजली. आठवडाभरानं ती शेजारणींना फोडणी कशी करायची ते सांगायला लागली. इतक्या वर्षांत आपला हात एकदाचा बसला, या आनंदात तिनं मला एक नवी परकर-पोलक्याची जोडी शिवून दिली. मला फक्त एवढंच दिसत होतं की पूर्वी अप्पांची हाक फोडणीमागून येई, कधी पावणेअकराला, कधी सव्वाअकराला. आता ती नेमकी गिरणीच्या अकराच्या भोंग्यानंतर येत होती.

मग एक दिवस घरातला हिंग संपला. आईनं तशीच आमटी केली आणि आज खालून चांगलं ऐकायला मिळणार म्हणून तयारीत राहिली. भोंगा झाला. अप्पांची हाक आली, "वा! आज हिंग काय झक्क बसलाय!" आई हसली. मग तिचं हसू गेलं. तिनं रिकामी डबी उघडून बघितली, पुन्हा बंद केली आणि मला म्हणाली, "कुणाला बोलू नको."

दुसऱ्या दिवशी तिनं अकरा वाजेपर्यंत शेगडीच पेटवली नाही. डाळ डब्यातून काढलेली नव्हती, कढई खिळ्याला टांगलेली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर गप्प बसलो होतो. बाहेर कांडपाची धडधड चालू होती. भोंगा झाला. थोडा वेळ गेला आणि मला वाटलं, येणार नाही हाक. आणि मग खालून अप्पांचा तोच मोठा, खूश आवाज आला, "वा! आज फोडणी फक्कड जमली बघ!" आईनं पदर तोंडात धरला. मला आधी हसू फुटलं होतं, ते मी तिच्याकडं बघून गिळलं. किती दिवसांपासून हा माणूस आम्हाला बरं वाटावं म्हणून, की आपलं उघडं पडू नये म्हणून, भोंग्यावर वेळ जुळवून बसत होता कोण जाणे.

धारवाडच्या दत्तूमामांना आईनं बोलावून घेतलं. ते तिचे चुलतभाऊ, डॉक्टर, आणि जिभेला हाड नसलेले. अप्पांचं आणि त्यांचं जुनं वाकडं होतं. मामांच्या मते हुबळीच्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नाही आणि अप्पांच्या मते धारवाडच्या लोकांना दुसरा उद्योग नाही. मामांनी येताना पेढे आणले होते. अप्पांना डोळे मिटायला लावून त्यांनी नाकाखाली कापूर धरला, मग कॉफीची पूड, मग पेढा. अप्पा तिन्ही वेळा ठामपणे म्हणाले, "पेढा." पेढ्याचा पुडा त्यांनी आधी पाहिला होता. मामांनी पेढा स्वतः खाल्ला आणि त्यांना छाती ठोकून, खोकायला लावून, बोटांना टाचणी टोचून तपासलं.

"दाजी," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता, "नाक हा पहारेकरी असतो. तुमचा पहारेकरी मेलाय. आता चोर थेट आत शिरतोय. डोकं, छाती, काळीज, सगळीकडं. बोटांना मुंग्या येतात ते पित्त नव्हे. ती खोली उघडा नाहीतर ते काम सोडा."

"नाक परत येईल काय?" आईनं विचारलं.

"येईल, न येईल. खोली बंद राहिली तर निश्चित येणार नाही, आणि पुढं नाकाची काळजी करायला माणूस राहणार नाही."

अप्पा उठले. "खिडकी उघडली की मिरची बसणार. मिरची बसली की नाव जाणार. नाकाचं काय, चार माणसांत नाक कापून घेण्यापेक्षा ते आतल्या आत गेलेलं बरं." असं म्हणून ते खाली गेले. मी जिन्यात उभी होते. माझ्या बापाला मरायची भीती वाटत नाही पण कपाटाला गोवर यायची वाटते, हे मला त्या दिवशी कळलं आणि मला त्यांचा फार राग आला.

आईनं मग संप पुकारला. "खिडकी उघडेपर्यंत या घरात फोडणी होणार नाही," ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "बघू." आईनं हा संप रागाच्या भरात पुकारला आणि त्यातली चूक तिच्या पहिल्याच दुपारी लक्षात आली. ज्याच्याविरुद्ध संप होता त्याला फोडणी असली काय, नसली काय, सारखीच! अप्पांनी नुसतं मीठ घातलेलं वरण दोनदा मागून घेतलं, ढेकर दिली आणि खाली गेले. जीव जात होता तो आमचा. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या आमटीचा वास घेऊन आले. पण शब्द मागं घेणं आईच्या माहेरच्या रक्तात नव्हतं. आठ दिवस आमच्या जिन्यानं कसलाच वास खाली उतरला नाही. शेजारच्या भांडीवाल्यानं आई आजारी आहे काय म्हणून चौकशी केली.

नेमका त्याच आठवड्यात अप्पा माझं टेबल करत होते. मॅट्रिकचा निकाल लागला होता, मला धारवाडच्या कॉलेजात जायचं होतं, आणि अभ्यासाला सागवानी टेबल द्यायचं अप्पांनी मी तिसरीत असल्यापासून कबूल केलं होतं. आठव्या दिवशी सकाळी त्यावर लॅकरचा शेवटचा हात मारला. अप्पा आणि मल्लप्पा बाहेर आले तेव्हा मल्लप्पानं भिंत धरली होती. दुपारी त्याचं ताट घेऊन मी खाली निघाले तर आईही बरोबर आली. तिला त्याच्याविषयी अपराधी वाटत होतं. भांडण घरातलं, आणि शिक्षा परक्या माणसाला.

अप्पा त्या दिवशी खालीच बाकावर जेवत होते. आई म्हणाली, "मल्लप्पा, आठ दिवस तुला बिनफोडणीचं घालत्येय रे. आमच्या घरातला वाद आहे. रागावू नको."

मल्लप्पानं घास थांबवला. ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "वग्गरणी इद्दिल्लेनरी?" तो म्हणाला. फोडणी नव्हती होय? मग ओशाळून हसला. "मला वाटलं अक्का, तुम्ही तिखट कमी करालाय."

अप्पांचा हात ताटातच राहिला. "मल्लप्पा," ते म्हणाले, "तुला वास येतो की नाही?"

"येतंय की अण्णा."

"कशाचा?"

मल्लप्पा जरा घुटमळला. "केळ्याचा येतो. सगळ्यालाच केळ्याचा येतो."

अप्पांनी ताट बाजूला सारलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि लेकीला न्हाऊ घालून तुझ्याजवळ देतात तेव्हा? तिच्या टाळूचा?"

मल्लप्पानं मान खाली घातली. त्याला वाटलं असावं, आपण काहीतरी चुकीचं केलंय. "तिलाही केळ्याचाच येतो, अण्णा," तो म्हणाला.

मी अप्पांना कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही ते रडले नाहीत. ते उष्ट्या हातानंच उठले. बाकावरची पकड उचलली, गोणपाट बाजूला फेकलं आणि पॉलिशच्या खोलीत शिरले. एक-एक खिळा उपसल्याचा आवाज येत होता. मल्लप्पा मागं धावला. "अण्णा, पॉलिश ओलं आहे! मिरची येईल! अण्णा, सुमक्काचं टेबल!" "येऊ दे," अप्पा म्हणाले. वर्तमानपत्रं टराटरा फाटली आणि खिडकी उघडली. इतक्या वर्षांनी उजेड आत आला आणि त्या उजेडाबरोबर, अप्पा म्हणत होते अगदी तशीच, समोरच्या कांडपाची लाल धूळ तरंगत आली आणि माझ्या टेबलावर बसली.

त्या धुळीनं अप्पांना एक प्रचंड शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते आनंदानं ओरडले, "नाक चालू झालं! अगं, नाक चालू झालं!" आईनं धावत जाऊन चिमूटभर हिंग आणला. अप्पांनी तो हुंगला, पुन्हा हुंगला आणि बोटावरचा हिंग झटकून टाकला. पुढं दत्तूमामांनी समजावलं की मिरचीची आग वेगळी आणि वास वेगळा, शिंकायला वासाची गरज नसते. "शिंकता येतं ना? मग हुबळीत राहायला तुम्ही पात्र आहात," ते म्हणाले. पण या वेळी त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

खिडकी पुन्हा बंद झाली नाही. पॉलिशचं काम मागच्या उघड्या अंगणात हलवलं, तेही पहाटे, कांडप सुरू व्हायच्या आधी. तोंडाला नुसता रुमाल बांधून थिनर अडत नाही असं मामांनी बजावल्यावर अप्पा तारिहाळला जाऊन तिथल्या कारखान्यातल्या कामगारांना विचारून दोन जाड मुखवटे घेऊन आले. ते घालून दोघं अंगणात उभे राहिले की साक्षात गणपतीची जोडी दिसे, आणि भांडीवाला मुद्दाम येऊन हात जोडून जाई. हात धुवायला थिनरऐवजी तेल आणि भुसा आला. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली त्यांच्या फर्निचरवर क्वचित एखादा ठिपका निघे, आणि अप्पा तो स्वतःहून दाखवत. गूळ मात्र चालूच राहिला. तो कशाला सोडायचा, असं अप्पांचं म्हणणं होतं.

पावसाळा संपता संपता, मी कॉलेजातून सुट्टीला घरी आले असताना, एक दिवस मल्लप्पा सकाळी कामावर यायच्या वेळेआधीच धावत आला. नुकतीच न्हालेली मुलगी कडेवर होती. अप्पांसमोर उभा राहून तो म्हणाला, "अण्णा, शिकेकाई." एवढंच.  अप्पांनी त्या पोरीला घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकलं आणि डोळे मिटून म्हणाले, "हो की रे, शिकेकाईच." त्यांना कसलाच वास आला नव्हता, ते मला आणि आईला ठाऊक होतं.

अप्पांचं नाक परत आलं नाही. डोकेदुखी गेली, मुंग्या गेल्या, पुढं कित्येक वर्षं ते धडधाकट राहिले, पण नाक गेलं ते गेलंच. ज्या टेबलावर मी हे लिहीत्येय त्यावर उजव्या कोपऱ्यात लाल ठिपक्यांचा एक पट्टा आहे. परवाचा पॉलिशवाला तो घासून काढून देतो म्हणत होता. मी त्याला चहा दिला आणि दारांपुरतंच काम करायला सांगितलं.

खिडकी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आईनं पुन्हा फोडणी घालायला सुरुवात केली. अकराचा भोंगा झाला. खाली अप्पा जिन्यापाशी बसले होते, पण आता कशाला हाक देतील? तेव्हा आईच जिन्याच्या तोंडाशी आली आणि खाली ओरडली, "अहो, आज हिंग जरा जास्त पडलाय!" खाली खुर्ची करकरली. मग आवाज आला, "बरं! कळलं!" त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. रोज अकरा वाजता आई वरून सांगे, आज मोहरी करपली, आज कढीपत्ता ताजा आहे, आज खोबरं भाजलंय, आणि सगळ्या बोळाला आमच्या घरची आमटी कळे.

मी कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी आई गडबडीत होती. भोंगा झाला तरी तिची हाक गेली नाही. खाली अप्पा वाट बघत बसले असतील हे मला दिसत होतं. शेवटी आई कपाळावर हात मारून जिन्याशी गेली. "अहो, आज हिंग घालायलाच विसरले!"

आणि खालून, कितीतरी महिन्यांनी, अप्पांचा तो जुना, तोऱ्यातला आवाज आला, "तरीच! मी म्हटलं, आज वास कसा येत नाही!"

आई हसता हसता वरच्या पायरीवर बसली. पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ तिथंच होता.